केळीचा धागा आणि ठिबकची जुनी नळी

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीचा घड उतरला की खांबाची गरज संपते. केळीच्या एका खांबाला एकदाच घड लागतो; पुढचे पीक घ्यायचे ते बुडाशी फुटलेल्या पिलावर. कापलेला खांब मग बांधावर पडून राहतो, नाल्यात लोटला जातो, किंवा ज्याच्याकडे यंत्र आहे तो त्याचे तुकडे करून जमिनीत गाडतो. या खांबातून चांगला बळकट धागा निघतो, हे आता जळगाव जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्यापासून दोऱ्या, पिशव्या, कापड, कागद करण्याचे प्रयोग देशात अनेक ठिकाणी झाले. शेजारच्या गुजरातमध्ये नवसारी कृषी विद्यापीठाने तर धागा, रस आणि आतला गाभा अशा खांबाच्या प्रत्येक भागाचा उपयोग शोधण्याचे काम केले. त्याच ओघात एक कल्पना वारंवार पुढे येते. हा धागा वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळा, त्याच्या फळ्या, खांब, पत्रे करा. केळीचा कचराही संपेल आणि प्लास्टिकही ‘हिरवे’ होईल. कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण ती फळी काही वर्षांनी मोडल्यावर तिचे काय करायचे, हे आज विचारले नाही तर खान्देशच्या माथी एक नवाच कचरा येईल. वनस्पतीचा धागा घातलेले प्लास्टिक पुन्हा वापरता येते, चांगले वापरता येते. मात्र त्याची अट माल बनवण्याआधी पाळावी लागते, नंतर नाही. आणि ती पाळण्यासाठी जे लागते त्यातले बहुतेक सगळे जळगाव-धुळ्यात आधीपासून आहे.

आधी हिशेब मांडू. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. कापलेला खांब पंधरा किलोचा धरला तर हेक्टरी सुमारे ६६ टन ओला माल निघतो. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असते. धागा मिळतो तो वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे हेक्टरी सहाशे-साडेसहाशे किलो. आता त्याच शेतातल्या प्लास्टिककडे पाहू. केळीच्या ओळींमध्ये दीड मीटर अंतर असेल तर हेक्टरी साडेसहा हजार मीटरच्या वर ठिबकची नळी लागते. सोळा मिलिमीटर व्यासाची आणि एक मिलिमीटरपेक्षा थोडी कमी जाडीची नळी मीटरला चाळीसेक ग्रॅम भरते. म्हणजे हेक्टरी अडीचशे किलोच्या आसपास प्लास्टिक झाले. ही नळी आठ-दहा वर्षे टिकली तर वर्षाला पंचवीस-तीस किलो जुने प्लास्टिक शेतातून बाहेर पडते. तीस किलो प्लास्टिकमध्ये तीस टक्के धागा बसवायचा तर तेरा किलो धागा पुरतो. सहाशे किलोंपैकी तेरा किलो!

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने सगळा प्रश्नच उलटा होतो. सहाशे किलो धागा प्लास्टिकमध्येच जिरवायचा म्हटले तर हेक्टरी चौदाशे किलो प्लास्टिक लागेल. जळगाव जिल्ह्यातली केळी चाळीस हजार हेक्टर धरली तर ते वर्षाला ५६ हजार टन होते. इतके जुने प्लास्टिक शेतातून निघत नाही. ते नवे विकत आणावे लागेल. केळीचा कचरा संपवण्यासाठी नवे प्लास्टिक जन्माला घालणे हा कसला पर्यावरणाचा विचार? म्हणून केळीच्या खांबाची विल्हेवाट हे या उद्योगाचे उद्दिष्ट असूच शकत नाही. उन्हाने आणि वारंवार वितळवण्याने कमजोर झालेल्या जुन्या प्लास्टिकला आणखी एक दीर्घ आयुष्य देणे, हेच त्याचे उद्दिष्ट असले पाहिजे. धागा तिथे मदतनीस म्हणून येतो.

तो मदत काय करतो? ठिबकची नळी पॉलिथिलीनची असते. हे प्लास्टिक लवचीक आणि मऊ असते. नळीला ते गुण हवेच असतात. पण त्याच प्लास्टिकची फळी केली तर ती वजनाखाली वाकते. त्यात केळीचा, तागाचा किंवा लाकडाचा बारीक धागा नीट मिसळला की ताठपणा दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. मोटारउद्योगाने हे कधीच ओळखले आहे. युरोपातल्या अनेक गाड्यांच्या दारांच्या आतल्या पॅनेलमध्ये जवस, अंबाडी आणि तागासारखे धागे पॉलिप्रॉपिलीनसोबत वापरले जातात. मर्सिडीजने ए-क्लास गाडीच्या तळाशी, जादा चाकाच्या खोबणीच्या आवरणासाठी फिलिपिन्समधला अबाका वापरला. अबाका म्हणजे आपल्या केळीच्याच कुळातले झाड. तेव्हा केळीचा धागा असल्या कामाला चालतो का, हा प्रश्न जगाने सोडवलेला आहे.

पुढचा प्रश्न मात्र सगळीकडे सारखा सुटलेला नाही, आणि तो कोणते प्लास्टिक निवडले यावर अवलंबून असतो. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन यांसारखी प्लास्टिके तापवली की वितळतात आणि थंड केली की घट्ट होतात. हे पुन्हा पुन्हा करता येते. इपॉक्सी, पॉलिस्टर रेझिन, फिनॉलिक रेझिन ही दुसरी जात. ती एकदा रासायनिक क्रियेने घट्ट झाली की पुन्हा वितळत नाहीत. तापवली तर करपतात. या दुसऱ्या जातीत धागा घातला, मग तो कितीही नैसर्गिक असो, परतीचा रस्ता जवळजवळ बंदच होतो. कापसाच्या मुलखाने लक्षात ठेवावे असे याचे उदाहरण पूर्व जर्मनीत आहे. १९५७ ते १९९१ या काळात तिथे ट्राबांट नावाची छोटी मोटार बनत होती. पोलादाची टंचाई म्हणून तिच्या बाहेरच्या अंगाला कापसाच्या टाकाऊ धाग्यांत फिनॉलिक रेझिन घालून केलेले पत्रे वापरले. गाडी गंजत नसे, हलकी होती, तीस लाखांहून जास्त बनल्या. जर्मनी एक झाल्यावर लोकांनी त्या टाकून दिल्या, तेव्हा कळले की हे पत्रे वितळत नाहीत, कुजत नाहीत आणि जाळले तर विषारी धूर सोडतात. कापूस निसर्गाने दिलेला होता; त्याने काही वाचले नाही.

याच जातीचा माल आज धुळे जिल्ह्यात उभा आहे. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल परिसरातल्या पवनचक्क्यांची पाती काचेचे धागे आणि रेझिन यांची असतात. या पट्ट्यातल्या सुरुवातीच्या पवनचक्क्या वीस वर्षांपूर्वीच्या आहेत आणि पवनचक्कीचे आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षे धरतात. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कॅस्पर गावी अशी जुनी पाती कापून जमिनीत पुरली गेली. युरोपात ती भरडून सिमेंटच्या भट्टीत घालतात. रेझिन जळण म्हणून जाते आणि काच सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळते. पाती इतकी लांब आणि इतकी वर्षे वाऱ्याचा मार सोसणारी हवीत की तिथे दुसरा सोपा पर्याय नव्हता, हे समजण्यासारखे आहे. कुंपणाचा खांब, बाकाची फळी किंवा गोठ्यातला आडोसा करताना अशी कसलीही सक्ती नसते. तरीही केळीचा धागा आणि पॉलिस्टर रेझिन यांचे पत्रे महाविद्यालयीन प्रकल्पांमध्ये हौसेने केले जातात, कारण त्याला एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून स्क्रूने पुढे ढकलणारे यंत्र, लागत नाही. साच्यात हाताने थर देता येतात. प्रकल्प म्हणून ठीक. उद्योग म्हणून ती वाट धरू नये.

वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये धागा असेल तर किती वेळा वितळवता येते? याचा अभ्यास झालेला आहे. न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठाच्या संशोधकांनी पॉलिप्रॉपिलीन आणि लाकडाचा धागा यांचा माल आठ वेळा दळून पुन्हा साच्यातून काढला. चाळीस टक्के धागा असलेल्या मालाची ताकद आठव्या खेपेपर्यंत सुमारे पाव भागाने घटली. ताठपणा त्याहून कमी घटला. प्रत्येक खेपेत धागा तुटून आखूड होतो, हे घटीचे मोठे कारण. पण काचेच्या धाग्याच्या तुलनेत वनस्पतीचा धागा इथे उजवा ठरतो. काच ठिसूळ असल्याने एक्स्ट्रूडरच्या स्क्रूमध्ये तिचे तुकडे पडतात. वनस्पतीचा धागा वाकतो, पिळतो आणि बऱ्याच अंशी टिकतो. उलट पहिल्या एक-दोन खेपांत गुठळ्या सुटून धागा सगळीकडे सारखा पसरतो, त्याचा थोडा फायदाही होतो. प्रयोगशाळेतला तो माल भुसावळच्या मे महिन्यात उघड्यावर उभा राहिलेला नव्हता, हे मात्र विसरता कामा नये. ऊन आणि पाऊस यांचा हिशेब त्यात वाढवून धरावा लागतो.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली उष्णतेची. वनस्पतीचा धागा दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे करपू लागतो. पॉलिथिलीन ११० ते १३० अंशांच्या दरम्यान वितळते, पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास, म्हणून ही दोन चालतात. पाण्याच्या बाटलीचे पेट प्लास्टिक अडीचशे अंशांच्या वर वितळते, म्हणून ते चालत नाही. दुसरी गोष्ट ओलाव्याची. धाग्याला पाणी आवडते, प्लास्टिकला आवडत नाही. दोघांची आपणहून पकड बसत नाही. धागा पूर्ण वाळवून घ्यावा लागतो, नाहीतर एक्स्ट्रूडरमध्ये वाफ होऊन मालात बुडबुडे राहतात. शिवाय दोघांना धरून ठेवणारे एक जोडद्रव्य थोड्या प्रमाणात घालावे लागते. पॉलिप्रॉपिलीनवर मॅलेइक अनहायड्राइड चढवून केलेला दाणा बाजारात मिळतो. हे घातले की नाही ते तुटलेल्या फळीवरून कळते. तुटलेली कड भिंगाखाली धरा. धागे स्वच्छ, नागडे बाहेर आलेले असतील आणि समोरच्या बाजूला त्यांच्या जाडीची गोल छिद्रे राहिली असतील, तर पकड बसलेलीच नव्हती. धागा नुसता उपसला गेला. धाग्याला प्लास्टिकचे कण चिकटलेले असतील आणि धागा स्वतः तुटलेला असेल, तर काम नीट झाले आहे. असा माल पुन्हा दळला तरी त्यातले जोडद्रव्य पुढच्या खेपेला उपयोगी पडते.

इथपर्यंत सगळे अनुकूल आहे. अडचण येते ती भंगाराच्या बाजारात. जुने प्लास्टिक दळून धुण्याच्या ठिकाणी पाण्याचा हौद असतो. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते तरंगते. पीव्हीसी आणि पेट जड, म्हणून ते बुडते. इतक्या साध्या युक्तीवर छोट्या उद्योगातली बरीचशी वर्गवारी चालते. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९ आणि धाग्यातल्या सेल्युलोजची १.५. दोघांचे गणित केले तर वीस टक्के धागा असलेला तुकडा तरंगतो आणि तीस टक्के असलेला बुडतो. म्हणजे एकाच कारखान्याचे दोन प्रकारचे माल हौदात वेगवेगळ्या बाजूला जातील. बुडालेला तुकडा पेटबरोबर गेला तर अडीचशे अंशांना त्यातला धागा जळेल आणि अख्खी खेप काळी पडेल. तरंगलेला तुकडा स्वच्छ पॉलिथिलीनमध्ये गेला आणि त्याची नळी ओढली, तर नळीच्या पातळ भिंतीत धाग्याच्या जागी भोक पडेल. पुनर्वापर करणारे लोक या मिश्र मालाला हात लावायला तयार नसतात ते याच कारणाने, आणि त्यांचे चुकत नाही. एकदा मिसळलेला धागा आणि प्लास्टिक वेगळे करणे हे खिचडीतून डाळ-तांदूळ निवडण्यासारखे आहे.

यावर उपाय एकच दिसतो. धागामिश्रित मालाचा प्रवाह सुरुवातीपासून स्वतंत्र ठेवायचा आणि जिथून माल निघाला तिथेच तो परत न्यायचा. त्यासाठी माल थोड्याच प्रकारांचा हवा, मोठ्या आकाराचा हवा, दीर्घकाळ टिकणारा हवा आणि त्याच्यावर साच्यातच उठवलेली खूण हवी: कोणते प्लास्टिक, धागा किती टक्के, कोणत्या वर्षी बनला. कुंपणाचे खांब, पॅकहाउसमधले पॅलेट, बागेतल्या बाकाच्या फळ्या यांना हे जमते. पिशव्या, डबे, चमचे, कप यांना जमत नाही; ते गावभर विखुरतात आणि कोणी परत आणत नाही. वापरून फेकायच्या वस्तूंमध्ये केळीचा किंवा भाताच्या तुसाचा भुगा घालून त्यावर हिरव्या पानाचे चित्र छापणे हे ग्राहकाची दिशाभूल करणे आहे. ते प्लास्टिक कुजत नाही आणि भुग्यामुळे पुनर्वापरालाही नालायक ठरते.

जळगावच्या हातात याबाबत मोठे भांडवल आहे. १९७८ साली भवरलाल जैन यांनी इथे केळीची पावडर करणारा कारखाना विकत घेऊन त्यात पपेन शुद्ध करण्याचे काम सुरू केले आणि १९८० पासून पीव्हीसी पाइप बनवायला घेतले. पुढे ठिबक सिंचनाने या शहराला देशभर ओळख दिली. एमआयडीसीतला चटईचा धंदा तर जुन्या प्लास्टिकच्या दाण्यावर पोसलेला आहे. भंगार गोळा करणारा, दळणारा, धुणारा, दाणा पाडणारा अशी माणसांची साखळी इथे तयार आहे. प्लास्टिकची जात हातात घेऊन ओळखणारे कारागीर पुस्तकातून तयार होत नाहीत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे; किती टक्के धागा, कोणते जोडद्रव्य, कितव्या खेपेला माल बाद करायचा, ही कामे तिच्या आवाक्यातली आहेत. चटईचे पॉलिप्रॉपिलीन आणि नळीचे पॉलिथिलीन एकत्र वितळवले तर एकमेकांत मुरत नाहीत आणि माल कमजोर होतो, तेव्हा दोन्हींचे घाणे वेगळेच चालवावे लागतील.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आहे तो मातीची काळजी करणाऱ्यांचा. खांब शेताबाहेर नेला तर जमिनीचे पालाश जाईल, असे ते म्हणतात. आक्षेप योग्य आहे, पण खांबातले पालाश मुख्यतः रसात आणि गरात असते. धागा काढण्याचे यंत्र बांधावर आणले आणि रस-चोथा तिथेच ठेवला तर शेतातून जाते ती एक टक्का वजनाची गोष्ट. त्यातलाही लांब, चांगला धागा प्लास्टिकमध्ये घालू नये. त्याला दोरी आणि कापड जास्त भाव देतात. प्लास्टिकला आखूड, तुटका धागा चालतो. धुळ्याकडच्या कोरडवाहू भागात कपाशीच्या पऱ्हाट्याही आहेत. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र विकसित केले. गुलाबी बोंडअळी पऱ्हाट्यांवरच्या उरलेल्या बोंडांत मुक्काम करते, म्हणून शेतात त्यांचे ढीग ठेवू नका असे कृषी विभाग सांगतोच. पऱ्हाटीची पूड प्लास्टिकला धाग्याइतकी बळकटी देणार नाही, पण भरण म्हणून चालेल.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. ठिबकची जुनी नळी आजही भंगारात विकली जाते, तिचा दाणा होतो, त्याची पुन्हा नळी किंवा पाइप होतो. मग त्यात धागा घालून ते चक्र का मोडायचे? स्वच्छ, चांगल्या नळीच्या बाबतीत हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. जिची पुन्हा नळी होऊ शकते तिची नळीच करावी. पण दोन-तीनदा वितळलेले, उन्हाने ठिसूळ झालेले प्लास्टिक शेवटी विटेच्या भट्टीत, गुऱ्हाळाच्या चुलीत किंवा बांधावरच्या आगीत जाते. धाग्याची जागा तिथे, शेवटून दुसऱ्या पायरीवर आहे. त्या पायरीवर तो प्लास्टिकला दहा-पंधरा वर्षे कामाला लावतो आणि फळी मोडली की पुन्हा फळीच करता येते.

तिसरा आक्षेप खान्देशी उन्हाचा. पारा ४५ च्या पुढे गेला की पॉलिथिलीनची फळी वजनाखाली हळूहळू झुकते. धाग्याने हे कमी होते, थांबत नाही. म्हणून अशा फळीला आधार जवळजवळ द्यावे लागतील आणि पुलाच्या, छताच्या भारवाहक कामाला ती वापरू नये. कापलेल्या कडेतून पाणी शिरून धागा फुगतो, तेव्हा कडा बंद कराव्या लागतील. या मर्यादा विक्रेत्याने लपवल्या तर पहिल्याच पावसाळ्यात माल बदनाम होईल. मक्यासारख्या पिकापासून केलेले, कुजणारे प्लास्टिक वापरून सगळा प्रश्न मिटवावा, असेही कोणी सुचवते. त्यातले सर्वांत प्रचलित पॉलिलॅक्टिक आम्ल उकिरड्यात नीट कुजत नाही. त्याला साठ अंशांच्या आसपासचे नियंत्रित खतघर लागते. तशी सोय गावोगाव नसताना त्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. परत आलेला मोडका माल कारखान्याने विकत घेतला पाहिजे, तरच तो परत येईल. भंगारवाला ज्याला भाव नाही ते उचलत नाही, आणि शेतकरी ज्याला भाव नाही ते जाळतो. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांवर आधारलेली, उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची २०२२ ची चौकट प्रामुख्याने पॅकेजिंगसाठी आहे. धागामिश्रित फळी किंवा खांब तिच्यात आपोआप येत नाही. तेव्हा ही जबाबदारी खरेदीच्या करारातूनच घालावी लागेल. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि बाजार समिती हे अशा मालाचे मोठे गिऱ्हाईक होऊ शकतात. त्यांनी निविदेत एक कलम घालावे: मोडलेला माल वजनावर परत घेण्याची हमी, दरासह. आणि शेतकऱ्यांनी, पॅकहाउसवाल्यांनी असा खांब किंवा पॅलेट घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: प्लास्टिक कोणते, धागा किती, आणि मोडल्यावर परत घेणार कोण. उत्तर देता येत नसेल त्याच्याकडून तो माल घेऊ नका. तोवर बांबू चांगला.